गाठ माझीच होती

सूनबाई,

कामावरून आलीस की आधी हे वाच, मग चहा टाक. आज वॉशिंग मशीन खोलून बसलो. मोटार ठणठणीत आहे. तिच्या मागच्या टोकाला एक छोटी कॉइल असते, मोटार किती वेगात फिरतेय ते ती बोर्डाला कळवते. तो निरोप पोचला नाही की ड्रम दोन हिसके देतो आणि मशीन थांबतं. आपलं तेच होत होतं. मीटर लावला तर कॉइलही चांगली निघाली. मग तिची वायर चाचपत गेलो. एके ठिकाणी ती आतून तुटली होती, नेमकी दोऱ्याच्या गाठीखाली.

ती गाठ माझी. मागच्या महिन्यात मोटारीचे झिजलेले कार्बन बदलले तेव्हा वायर दोऱ्यानं बांधली, आणि वाइंडिंगच्या तारांना मारतो तशी करकचून गाठ मारली. चाळीस वर्षं मोटारी भरल्या, त्याची सवय. पण इथे मोटार ड्रमबरोबर हादरते, वायर सैल हवी, एवढं साधं मला सुचलं नाही. आणि खापर फोडलं तुझ्यावर, की तू जाड चादरी कोंबतेस म्हणून.

वायर जोडली आहे, सैल ठेवून. त्याच चादरी धुऊन वाळत घातल्यात. आठ दिवस हातानं धुऊन तुझे हात सोलवटलेत, मलम लाव.

जेवायला माझ्यासाठी थांबू नकोस. तुला बोललो होतो ते तुझ्या आईसमोर, म्हणून चूक कबूल करायलाही त्यांच्याकडेच निघालोय. फोन करून त्यांना आधी काही सांगू नकोस. मलाच सांगू दे.

— बाबा