पलीकडून वाच

३ फेब्रुवारी, सोमवार

रेडिओची शीट आज भिंतीवरून ओढून काढावीशी वाटली. काढली नाही. वय झालं माझं!

कल्पना काय सुंदर आहे पोरीची. तिच्या आजोबांना वाकून बूट घालता येत नाहीत, म्हणून दाराशी ठेवायचं एक बाक – पुढे पाय टेकवायला उतरती फळी, बाजूला उठताना धरायला दांडा. तोंडाने सांगते तेव्हा डोळ्यांसमोर उभं राहतं. पण शीटवर? सात परिच्छेद, अकरा बाण आणि कोपऱ्यात लाजून बसलेलं एक चित्र. वर्गाने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव रेडिओ ठेवलं, ते काही उगाच नाही.

माझा नियम सगळ्यांना पाठ आहे. शीट भिंतीवर टाचायची, आपण व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहायचं, तोंड बंद. आणि ज्याला प्रोजेक्टमधलं ओ की ठो माहीत नाही अशा माणसाने ती मोठ्याने वाचायची. असा माणूस म्हणजे आमची कॅन्टीनवाली. हात पुसत आली, शीटपुढे उभी राहिली, मान तिरकी केली. "कुत्र्याचं घर आहे का हो?" वर्ग हसून लोटपोट. तिकडून रेडिओ ओरडली, "अहो नाही, ते असं आहे की –" "तोंड बंद!" मी.

नंतर रडवेली होऊन आली. "मॅडम, मला दोनच मिनिटं बोलू दिलं असतंत ना…" म्हटलं, "तू काय बाकाबरोबर दुकानात उभी राहणार आहेस?"

बोलून गेले आणि चपापले. हे वाक्य माझं नाही. अप्पांचं आहे.

अप्पा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शाळेला सुट्टी असली की मी बरोबर – सात वर्षांची, दोन वेण्या. खडूत घोळवलेली सुतळी धरायची. एक टोक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. मध्ये ताणून सोडली की फळ्यावर पांढरी रेघ. मग ते शिडीवर. अर्धी पाटी झाली की मागे न बघता वरूनच म्हणायचे, "ठमे, जा, पलीकडून वाच." मी रस्ता ओलांडून शिंप्याच्या दुकानापुढे उभी राहायची, उन्हासाठी कपाळावर हात धरून वाचायची. एका दमात वाचलं तर ब्रश हलवायचे. अडखळले तर टर्पेंटाइनचा बोळा घेऊन पुसायला लागायचे, एक शब्द न बोलता. एकदा दुकानदार म्हणाला, "अहो पेंटर, पोर लहान आहे, मी सांगतो ना तिला काय लिहिलंय ते." अप्पा म्हणाले, "पाटीबरोबर तुम्ही रस्त्यात उभे राहणार आहात का?"

तो टर्पेंटाइनचा वास! अजून कुठे आला की मी वळून बघते. तीस वर्षं डिझाइन कॉलेजात जे शिकवतेय ते सगळं त्या रस्त्यात उभं राहून शिकलेलं. नाव मात्र माझं झालं.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी चहा घेताना अप्पांनी विचारलं, "बाई, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी आणि माझे वडील."

"वा. चांगलं आहे. सांभाळा त्यांना."

६ फेब्रुवारी, गुरुवार

चालू तासात खालच्या मजल्यावरच्यांचा फोन. अप्पा त्यांच्या बाथरूममध्ये आतून कडी लावून बसलेले! दिवसा अप्पांजवळ असतात त्या मावशी जरा स्वयंपाकघरात गेल्या, तेवढ्यात हे बाथरूम शोधायला निघाले. बाहेरचं दार उघडलं, जिना उतरले, समोर उघडं दिसलं त्या घरात शिरले. पाऊण तास सगळे दाराबाहेरून विनवत होते. मी पोचले तेव्हा शांतपणे बाहेर आले आणि मला म्हणाले, "माफ करा हं बाई, चुकलं माझं."

संध्याकाळी भावाचा फोन. "ताई, पुरे झालं आता. जिन्यावरून पडले असते म्हणजे?" एक मार्चपासून वृद्धांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत जागा आहे म्हणाला, चोवीस तास माणसं असतात. "आपल्याच घरात त्यांना बाथरूम सापडत नाही, ताई!" मी मुदत मागितली. शेवटी ठरलं – तेवीस तारखेच्या रविवारी येणार. तोवर त्यांचं त्यांना घरात सापडायला लागलं तर ठीक. नाहीतर फॉर्म घेऊनच येतो, सही कर.

त्याचं चुकतंय असंही म्हणता येत नाही, तीच पंचाईत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर चित्रं काढली! प्रत्येक दारासाठी एक. बाथरूम निळं, स्वयंपाकघर पिवळं, त्यांची खोली हिरवी. कमोड वरून बघितल्यावर दिसतो तसा, स्वच्छ, एका रेघेत. बाण. किती वर्षांनी मन लावून काही काढलं. दारांवर लावून मागे सरकून बघितलं – म्हटलं, वा मॅडम!

अप्पांना फिरवून दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "हात बसलाय बाई तुमचा." मी फुलले.

मग अप्पा सरळ कपड्यांच्या कपाटाकडे गेले आणि लेंग्याची नाडी सोडायला लागले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल, आज मिळून त्यांना बाथरूम एकदाही सापडलं नाही. एकदाही!

माझीच चित्रं कॉलेजात नेली आणि कोणाची ते न सांगता भिंतीवर टाचली. कॅन्टीनवालीने निळं चित्र बराच वेळ न्याहाळलं. "तव्यावरचं अंडं. फुटलेलं." पोरं खिदळली, सगळ्यांत जास्त रेडिओ. मी व्हरांड्याच्या टोकाला तोंड बंद करून उभी. हे टोक काय असतं ते तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

मग सांगितलं सगळं. वडील, बाथरूम, तेवीस तारीख. वरून बघितलेला कमोड! आमच्या धंद्यातली माणसं छत उडवून घर बघतात, आणि जगही तसंच बघतं असं धरून चालतात. पहिल्या वर्षाच्या पोराला ह्यावरून फाडून खाल्लं असतं मी.

रेडिओ आज जास्त बोलली नाही. जाताना एवढंच – "मॅडम, त्यांच्या जागेवरून वाचून बघितलंत का तुम्ही?"

माझा नियम. मलाच!

१२ फेब्रुवारी, बुधवार

मावशी अप्पांना गच्चीवर घेऊन गेल्या तेव्हा त्यांच्या पलंगावर आडवी झाले. मग त्यांच्यासारखी उठले, त्यांच्यासारखी चालले – पाठ वाकवून, नजर पायांच्या दोन हात पुढे. मला दारांचे खालचे अर्धे भाग दिसले आणि फरशी. माझी सुंदर चित्रं कुठे होती? वर. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या उंचीला. चार वर्षं ह्या माणसाला हात धरून चालवतेय आणि तो कुठे बघतो हे मला माहीत नव्हतं!

कपाळाला हात लावून तिथेच फरशीवर बसले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नवी चित्रं. गुडघ्याच्या जरा वर. दार उघडल्यावर समोर जे दिसतं तेच, उभ्या माणसाला दिसतं तसं – कमोड, बादली, नळ. बाण एकही नाही.

दुपारी अप्पा उठले, दारापर्यंत गेले, थांबले, बघितलं – आणि आत गेले. मावशींनी आणि मी एकमेकींचे हात घट्ट धरले होते. पाणी सोडल्याचा आवाज आला. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

रेडिओ शीट घेऊन घरी आली. म्हणाली, आजोबांच्या वयाचं कोणीतरी वाचायला हवंय.

अप्पांनी शीट मांडीवर घेतली. ही सुरूच – "आजोबा, त्याचं काय आहे, हे जे बाक आहे ना –" अप्पांनी अख्खा पंजा सात परिच्छेदांवर ठेवला. "एवढं वाचायला कोण थांबणार? पाटी वाचायला बस थांबते का?" मग खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला. "पूस."

पोरगी गप्प! मी तोंडाला पदर लावून हसले. आणि मग आत जाऊन थोडी रडले, कारण हा माणूस मी ओळखते. शिडीवर असायचा.

थोड्या वेळाने त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली. "ब्रश कुठाय?" ब्रशची पेटी माळ्यावर आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी फ्रिजला लाल काठ काढला, तेव्हा मीच वर टाकली. रेडिओ म्हणाली, "द्या ना मॅडम." म्हटलं, तुझं काय जातंय, नंतर घासायचं मलाच! चिडलेच जरा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाथरूम बहुतेक वेळा सापडतं. स्वयंपाकघर सापडतं. त्यांची खोलीही.

राहिलं माझं दार. दुपारी मी टेबलाशी असले की ते उघडतात, "माफ करा बाई" म्हणतात आणि ओढून घेतात. त्यावर काय काढायचं? नळ काढला की बाथरूम. मुलगी कशी काढतात? दोन तास कोरा कागद पुढे घेऊन बसले. शेवटी माझा फोटो चिकटवला. अप्पा म्हणाले, "ह्या बाई कोण? जरा रागीट दिसतात."

फोटो काढून टाकला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ज्यूरी, म्हणजे प्रोजेक्टची परीक्षा. रेडिओच्या शीटवर एक अक्षर नाही! पाच चित्रं. म्हातारा येतो, बसतो, बूट घालतो, दांडा धरून उठतो. पाचव्या चित्रात बाक रिकामं आणि दार उघडं.

कॅन्टीनवालीने घडाघडा वाचलं. शेवटच्या चित्रापाशी थांबून म्हणाली, "गेले फिरायला. एकटेच गेले हो!" व्हरांड्याच्या टोकाला रेडिओ दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी, डोळे वाहतायत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, अक्षरं पुसायला कोणी शिकवलं? म्हणाली, "मॅडमच्या वडिलांनी."

२० फेब्रुवारी, गुरुवार

पेटी माळ्यावरून काढली. रेडिओने एनॅमल रंगाच्या तीन छोट्या डब्या आणि टर्पेंटाइनची बाटली दिलीय, तीही आत ठेवली. अप्पांनी झाकण उघडलं, सपाट ब्रश नाकाशी धरला, परत ठेवला. झाकण लावलं. बस्स.

उगाच आशा लावून बसते मी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फार वाईट दिवस. सकाळपासून अप्पा बूट घालून दाराशी बसलेले. जेवले नाहीत. मी समोर बसले तर माझा हात धरला आणि किती अदबीने म्हणाले, "बाई, तुम्ही फार केलंत माझं. आता मला माझ्या मुलीकडे नेऊन सोडा. लहान आहे हो. रस्त्याच्या पलीकडे उभी केलीय तिला, उन्हात."

म्हटलं, "अप्पा, मीच ती. ठमी." त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि नजर वळवली. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

दारं सापडली. मी सापडत नाही. मग कोणाच्या घरात ठेवतेय मी त्यांना? परक्या बाईच्याच घरात राहायचं तर ते तिथेही राहतील, आणि तिथे जिना नाही. उद्या सही करते. भावाला तसं आताच कळवलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

भाऊ दहाला आला. फॉर्म घेऊन आम्ही दोघं स्वयंपाकघरात. पेन हातात, आणि एकदम टर्पेंटाइनचा वास!

पळत गेले. अप्पा माझ्या दारापुढे फरशीवर बसलेले, पेटी उघडी. दाराच्या खालच्या भागात, त्यांच्या नजरेच्या उंचीला, ओल्या रंगात – शिंप्याचं दुकान. पुढे एक मुलगी. दोन वेण्या. कपाळावर हात. अक्षर एकही नाही.

मागे न बघता म्हणाले, "ठमे, जा, पलीकडून वाच."

गेले मी. पॅसेजच्या टोकापर्यंत, भिंतीला पाठ लागेपर्यंत. शेजारी भाऊ फॉर्मची घडी घालत होता.

"आलं का वाचता?"

"आलं, अप्पा. एका दमात."

त्यांनी ब्रश हलवला.