हेलिपॅडवरचा लाल गालिचा

बुधवार, ७ फेब्रुवारी २००१. रात्री सव्वाअकरा.

आज सकाळी मोखाड्यात मंत्र्यांसाठी हेलिपॅडवर गालिचा अंथरला! विमानतळाच्या टॉवरमध्ये नोकरी केलेली मी, दोरीमागे बायकांत कोंडलेली. ओरडले, "गालिचा पंख्यात जाईल!"

हवालदार म्हणाला, "बाई, मागं व्हा. कलेक्टर सायबांचा हुकूम हाय."

शेजारचा कारकून कुजबुजला, "मलाही कळतं, मॅडम. पण साहेबांना सांगणार कोण?"

हेलिकॉप्टर उतरू लागलं आणि गालिचा उडालाच. पायलटने हेलिकॉप्टर झटक्यात वर खेचलं, म्हणून स्वागताला उभ्या असलेल्या लेझीमच्या मुली वाचल्या. संध्याकाळी साहेब म्हणतात, चूक पायलटची! म्हणजे त्याची नोकरी जाणार, आणि गालिचा? त्याचं नावही नाही. मी ओरडण्यापलीकडे काय करणार होते?

उद्या साहेबांना लिहिते: गालिचा कुणाच्या हुकमाने अंथरला, ते सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा.