कोपऱ्यातल्या खुर्चीत

१२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनच केला असता, पण आईचे डोळे अधू झाले तरी कान शाबूत आहेत, आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

तिच्या वाढदिवसाची डिस्क तू पाठवलीस तेव्हापासून आपल्या टीव्हीवर दुसरं काही लागत नाही. सगळे व्हिडिओ एकाच डिस्कमध्ये बसवलेस, सारखं उठून बदलायला नको, म्हणून तिने तुझं तोंडभरून कौतुक केलं. मग परवा म्हणाली, कोपऱ्यातल्या खुर्चीत तुझे बाबा बसलेत, ते तुम्हाला कुणालाच कसे दिसत नाहीत? मी हसण्यावारी नेलं. वाढदिवसाच्या वेळी बाबांना जाऊन सहा महिने होऊन गेले होते, आणि ती खुर्ची आपण मुद्दाम रिकामी ठेवली होती. तिने हाताला धरून मला टीव्हीसमोर बसवलं. धाकट्या, माझे डोळे चांगले आहेत, आणि मलाही तिथे कुणीतरी दिसलं. अंगावर सर्रकन काटा आला.

आता ती जेवणाचं ताटसुद्धा तिथेच मागते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला साफ नाही म्हणते. डोळे स्वच्छ झाले आणि ते दिसेनासे झाले तर काय करू, असं मलाच विचारते. डॉक्टर म्हणतात, आणखी थांबलात तर प्रकरण अवघड होईल. हे तुझ्या धंद्यातलं आहे, तूच निस्तर.

उत्तर लवकर धाड, नाहीतर तुझ्या वाटणीचा लोभ तुझ्या बायकोला देऊन टाकीन.

तुझी,
ताई


१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझा लोभ बायकोला परस्पर देऊ नकोस, ती आधीच डोक्यावर बसली आहे.

डिस्कचं सांगतो. बिटरेट म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला किती माहिती द्यायची, ते प्रमाण. दुकानात गिऱ्हाइकांना मी बजावत असतो, की फार कोंबू नका. पण आईचे गुडघे आठवले आणि पाच तास एका डिस्कमध्ये कोंबले, त्यामुळे बिटरेट फार खाली आणावा लागला. अशा वेळी मशीन अंधारावर काटकसर करतं. काळोख्या कोपऱ्याचे चौकोनी ठोकळे होतात, ते थरथरतात, आणि आपल्याला त्यात माणूस दिसतो. एवढंच आहे ते.

आता दोन डिस्क करतो. बिटरेट वाटेल तेवढा वाढवूनही फायदा नाही. फोनने जे टिपलंच नाही ते येणार कुठून? वर आईचा म्हातारा प्लेअर अडखळायचा. म्हणून मधला धरलाय. खुर्ची स्वच्छ दिसेल.

एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. तपासायला मी जुन्या डिस्कची माझ्याकडची प्रत लावली. ते ठोकळे आहेत हे मला माहीत, ते कसे झाले तेही माहीत. तरी ते बाबांसारखी मान कलती करून बसले होते. मी उठून दुकानातलं गाणं बारीक केलं, बाबा घरात असले की करायचो तसं. फार भीती वाटली, आणि दुकान बंद करून जाववेना.

आईला जप. रागावलीस तरी लोभातलं काही कापू नकोस.

तुझा,
धाकटा


२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

डिस्क पोचल्या. चित्र कसं आरशासारखं लख्ख आहे, आणि खुर्ची रिकामी. आई पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा लावली. मग ते कुठे गेले असं हळूच विचारलं. मी तिला ठोकळ्यांचं सगळं समजावलं. तिने शहाण्यासारखं ऐकून घेतलं आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपली.

मला वाटलं, आपण दोघं मिळून बाबांना पुन्हा एकदा पोचवून आलो. जुनी डिस्क फेकून द्यावी म्हणून शोधली, तर ती जागेवर नाही.

सगळ्यांना माझी आठवण सांग. माझ्यावर लोभ राहू दे, मला सध्या त्याची गरज आहे.

तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

चि. बाळास,
अ. उ. आ.

ओळीवर ओळ चढली असेल, जुळवून वाच. तुम्ही बहीणभाऊ माझ्या पाठीमागे पत्रं लिहिता, पण पोस्टमनची हाक मला ऐकू येते बरं.

ठोकळ्यांचं ताईने सांगितलं, ते पटलं. नवी डिस्क मी टीव्हीला नाक लावून पाहिली. मी केक कापत होते, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि तू दाराआड उभा राहून डोळे पुसत होतास. जुन्या डिस्कमध्ये तिथे नुसता काळोख होता. तू किती वाळलास रे! मी इतके दिवस खुर्चीकडेच बघत बसले आणि माझं लेकरू तिथे एकटं रडत होतं. फार वाईट वाटलं.

म्हणून काल डॉक्टरांना म्हटलं, उजव्या डोळ्याचं करून टाका. तुम्ही मुलं मला नीट दिसायला हवीत. ते म्हणाले, आजी, दोन्ही करावे लागतील. मी सांगितलं, डाव्याला हात लावायचा नाही, तो मला असाच हवा आहे. ताई चिडली आहे, तिची समजूत तू काढ. जुनी डिस्क माझ्या उशाखाली आहे, हे मात्र तिला सांगू नकोस.

वेळेवर जेवत जा, सुनेचं ऐकत जा. माझा लोभ तुला मागायला लागत नाही. यांनीही तुला आशीर्वाद सांगितले आहेत.

तुझी,
आई