तारा आमच्या भावकीत

२ फेब्रु.
कॅम्पातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली कादंबरी आता दोघांची झालीय. दिवसा मी मच्छेला ऑफिसात, तेव्हा मामंजी वाचतात. संध्याकाळी मी. अट एकच, पुढचं सांगायचं नाही. अट मीच घातली. ते कायम पुढं असतात. रिटायर्ड सासऱ्यांशी काय शर्यत लावायची.

५ फेब्रु.
ताराला दिवस गेले. काल वाचलं, आज उचगाव सुटल्यापासून बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली. ताराचा नवरा हणमंता ट्रक घेऊन लांब कुठंतरी, त्याला अजून पत्ताच नाही. असा राग आला. माझा भाऊ असता तर कान धरला असता. मला भाऊ नाही, म्हणून असेल.

९ फेब्रु.
कादंबरीतली डॉक्टरीण म्हणते, बाळंतपण जड जाणार. पुस्तक मिटलं. मामंजी मसूर निवडत बसलेले.
"तारा बरी आहे ना पुढं?"
"अट कुणी घातलीया?"
मान वर केली नाही. इतका मसूर निवडण्यासारखा नव्हता.

११ फेब्रु.
सकाळी मामंजी आंघोळ करून देवघरासमोरून सरळ बाहेर. फुलं परडीत तशीच. सासूबाईंनी हटकलं.
"तीन दिवस देवाला हात लावायचा न्हाय."
"अगं बाई. कोण गेलं?"
मामंजींनी माझ्याकडं एकदा बघितलं, चपला घातल्या आणि मळ्याकडं.
कळलं मला. ऑफिसात दोन चलनं चुकवली. साहेब कन्नडमधून बराच वेळ बोलले, एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

१२ फेब्रु.
पुस्तक उघडायचा धीर होईना. शेवटी सासूबाईंना सांगितलं, सुतक कुणाचं ते. त्या कमरेवर हात ठेवून मामंजींपुढं उभ्या.
"पुस्तकातल्या बाईसाठी माजं देव पारोसं? ती काय आपली भावकी हाय?"
"हणमंता आपल्याच आडनावाचा हाय. लांबची भावकी, म्हणून तीनच दिवस."
खरंच की, आडनाव आमचंच. एरवी हसले असते. मोरीत जाऊन रडले. लिहायला लाज वाटत नाही, तारा माझी होती.
बाहेर आले तर मामंजी म्हणतात, "वाच की गं."
मी नको म्हणाले.

१३ फेब्रु.
वाचलं. उभ्याउभ्या, डबासुद्धा न धुता. ताराला मुलगी झाली. तारा धडधाकट, वर चहा मागतेय.
सुतक कसलं, म्हातारबुवा सोयर पाळत होते. मूल झालं तरी घरच्यांनी देवाला शिवायचं नसतं, हे मला सुचलंच नाही. अंगणात जाऊन भांडले.
"किती रडले मी. एक शब्द सांगितला असता तर?"
"सांगायचं न्हाय म्हणून तूच म्हणालतीस." आणि जे हसले.
सासूबाई जरा वेळ घुश्शात. मग हळूच, "बाळंतीण बरी हाय न्हवं?"
रात्री जेवणात शेवयांची खीर होती. कशासाठी ते कुणी विचारलं नाही. आज मी फार खूश आहे.

१५ फेब्रु.
काल देवांना आंघोळी मिळाल्या. थोडीच पानं उरलीत. मामंजीही तिथंच थांबलेत, पुढं वाचेनात. पोरीचं बारसं व्हायचंय.
चहा पिता पिता म्हणाले, "हणमंताला बहीण न्हाय. मग आत्या कोण? तूच. नाव तू ठेव."
सासूबाई म्हणाल्या, "व्हय की."
काकू झाले, मामी झाले. आत्या व्हायचं माझ्या नशिबात नव्हतं. चहा तसाच राहिला.
दिवसभर ऑफिसात नावंच नावं. बसमध्ये एक पक्कं झालं. घरी आल्या आल्या दोघांनी विचारलं. सांगितलं नाही. आधी बाळाच्या कानात सांगायचं असतं, आणि पोर तर पुढच्या पानांत आहे. तिथं दुसरंच नाव ठेवलेलं निघालं तर?
मामंजी दोनदा म्हणाले, वाच.
मी म्हणाले, उद्या.