बाहेरगावच्या पिशवीतली एकसष्ट शुभेच्छापत्रे थांबविण्याबाबत

दिनांक : २६ डिसेंबर

प्रति,
मा. पोस्टमास्तर साहेब,
टपाल कार्यालय, हिनोसावा.

विषय : मयत पतीने पेटीत टाकलेली नववर्षाची एकसष्ट कार्डे परत मिळणेबाबत, त्यातील एक वगळून.

संदर्भ : खिडकी क्रमांक २ वरील क्लार्क श्री. मिझोबे यांच्याशी काल झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

खाली सही करणारी कुरामोची फुसाए, वय ७१, आपणांस कळविते की, माझे पती कुरामोची मासातोशी हे आपल्याच कार्यालयात चौतीस वर्षे पोस्टमन होते. आपण त्यांना ओळखत होता. ते १९ तारखेला सकाळी अंगणातला बर्फ ओढताना गेले. २३ तारखेला सर्व विधी पार पडले. आपल्या कार्यालयातून फुले आली, त्याबद्दल आभारी आहे.

१. दरवर्षीप्रमाणे त्यांनी नववर्षाची कार्डे (एकसष्ट, असे निघताना म्हणाले) १५ तारखेला, म्हणजे या कार्डांसाठी पेटी उघडते त्या पहिल्याच दिवशी, सकाळी नऊच्या आत टाकली. लोक पंचवीस तारखेपर्यंत रेंगाळतात आणि पोस्टमनचे हाल होतात, असे ते म्हणत. त्यामुळे कार्डे गेली आणि चार दिवसांनी माणूस गेला. ही कार्डे आपण राखून ठेवून एक जानेवारीलाच वाटता, म्हणजे त्या सकाळी एकसष्ट घरांत त्यांच्या हातचे "नवीन वर्ष सुखाचे जावो, यंदाही लोभ असावा" पोहोचेल. आमच्या घराला वर्षभर सुतक आहे. सुतकातल्या घरातून शुभेच्छा जाणे बरे दिसत नाही, हे मी आपणांस सांगायला नको.

२. माझ्या थोरल्या नणंदबाई निइगाताला असतात. त्यांचा काल फोन आला. "फुसाए, मेलेल्या भावाच्या शुभेच्छा दारात पडल्या तर मी त्या देवापुढे ठेवू की चुलीत घालू, तेवढं सांग." वन्संचे बोलणे तिखट असते, पण यात त्यांचे चूक नाही.

३. म्हणून मी काल आपल्या कार्यालयात आले. श्री. मिझोबे यांनी सांगितले की टाकलेले कार्ड फक्त पाठविणाऱ्यालाच परत मिळते. त्याने स्वतः यावे, ओळखपत्र व सहीबरोबरचा नावाचा शिक्का आणावा. मी म्हटले, त्यांना येणे जमणार नाही. ते बिचारे कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, "काकू, काय करू? पेटीत पडलं की ज्याच्या नावाचं त्याचं, हे आम्हाला काकांनीच शिकवलंय." हे खरे आहे. घरीही ते हेच म्हणत. शेवटी वारस म्हणून आपल्या नावे अर्ज द्या, असे त्यांनी सुचविले. बाहेरगावची पिशवी उद्या दुपारच्या गाडीने निघते, तोवर सर्व कार्डे आपल्याच ताब्यात आहेत, असेही कळले. त्यांनी मला चहा दिला आणि रडून घ्या म्हणाले. मला अजून रडू आलेले नाही. अर्जाशी याचा संबंध नाही. त्यांनी विषय काढला म्हणून लिहिले.

४. आता वगळायच्या एका कार्डाबद्दल. आमचा मुलगा शुंपेई ओसाकाला असतो. तो लहान असताना एक जानेवारीला त्याचे वडील कधी घरी नसत, ते आपणांस ठाऊकच आहे. गावाची कार्डे वाटायला पहाटेच बाहेर पडत. सणाचे सूप आम्ही दोघेच पीत असू. नऊ वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि पहिल्यांदा एक तारखेला घरात बसले. शुंपेई मुद्दाम आला होता. कशावरून पेटले ते आठवत नाही, पण तो म्हणाला, "आयुष्यभर लोकांच्या दारात होतात, आता आमच्यात बसून काय करणार?" हे म्हणाले, "मग येऊ नकोस." दोघेही एकाच मातीचे. तो आला नाही, यांनी बोलावले नाही. नऊ वर्षांत त्याला कार्डही गेले नाही. पत्त्यांच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे वर्षाची खूण असते, त्याच्यापुढे कोरे आहे. यंदा मात्र त्यांचा हात कार्डांपुरताच चालला, कोणापुढेच खूण केलेली नाही. कार्डे लिहिताना ते मला जवळ फिरकू देत नसत.

५. शुंपेई २० तारखेपासून घरी आहे. चार जानेवारीपर्यंत राहणार होता. सुतकात सणाचे काही करायचे नसते, तरी सवयीने मी काळे सोयाबीन भिजत घातले. तो खातो. परवा संत्रे सोलता सोलता त्याने विचारले, "आई, यंदा बाबांनी मला कार्ड टाकलं होतं का गं?"

मी म्हटले, "टाकलं की. पंधरालाच."

मला माहीत नव्हते. तोंडातून निघून गेले. त्याने सोललेले संत्रे तसेच ठेवले आणि परतीचे तिकीट बदलून एक तारखेच्या सकाळचे केले. ओसाकाला जाऊन दारची पेटी उघडणार आहे. मी त्याला थांब म्हटले नाही.

६. सबब विनंती की, कार्डे मला परत द्यावीत. पिशवीत शुंपेईच्या नावाचे कार्ड असेल तर ते मात्र थांबवू नये. सुतकाचा दोष लागला तर माझ्या माथी.

७. नसेल तर सोबत एक कार्ड जोडले आहे, ते त्याच्या जागी पिशवीत घालावे. अक्षर त्यांचे यावे म्हणून त्यांच्याच लेखणीने लिहिले. चौदा कार्डे वाया गेली, पंधरावे बरे उतरले आहे. मजकूर असा : "नवीन वर्षाच्या शुभेच्छा. एक तारखेला मी घरीच आहे." हे नियमात बसत नाही, हे मला कळते. चौतीस वर्षे आमच्या घराने आपल्या नियमाबाहेर काही मागितलेले नाही.

८. आणखी एक. पिशवी तपासल्यावर कोणते कार्ड गेले, त्यांचे की माझे, हे मला कळवू नये. श्री. मिझोबे यांनाही तसे सांगावे; त्यांचा चेहरा लगेच बोलतो. परत आलेली कार्डे मी मोजणार नाही.

उत्तर लेखी नको.

आपल्या कार्यालयाच्या जुन्या माणसाची पत्नी,
(सही व शिक्का)
कुरामोची फुसाए

सोबत :
१) मृत्यूचा दाखला, प्रत
२) पतीचा शिक्का
३) पत्त्यांची वही (काम झाल्यावर परत मिळावी)
४) लिहिलेले कार्ड, एक. पत्ता शुंपेईकडूनच तपासून घेतला आहे. कशाला हवा, हे त्याने विचारले नाही.