तुला ऐकू आलं नव्हतं

माय, तू बहिरी होतीस. हे मला गेल्या आठवड्यात कळलं. सुरतेचा डॉक्टर माझ्या कानांबद्दल बोलत होता, तुझ्याबद्दलचं माझं मी समजले. मग दवाखान्याच्या पायरीवर बसून मी बांधून आणलेल्या सगळ्या दशम्या एकटीने संपवल्या. तुझी नात माझ्याकडे बघत राहिली. "माय, डॉक्टर म्हने कान जाई ऱ्हायनात, नि तू खाई ऱ्हायनी?" तिला काय सांगू? चौतीस वर्षांत मला अशी भूक लागली नव्हती.

मला लिहायची सवय नाही. मामाकडे ब्राह्मणपुरीला दोन यत्ता झाल्या, मग माझं लग्न करून मला म्हसावदला दिलं. त्यानंतर कागदाशी संबंध आला तो फक्त सही करण्यापुरता. पण हे तोंडी सांगायला समोर माणूस लागतं, आणि तू जाऊन वीस वर्षं झाली. म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आहे, राहू दे.

तीन-चार वर्षं झाली, घरात सगळे पुटपुटतात असं मला वाटायला लागलं. मी चिडायचे. तोंडात काय सुपारी धरली का, म्हणून सगळ्यांना झापायचे. मग उलटंच व्हायला लागलं. लोक मला म्हणायचे, जरा मोठ्याने बोल. मला! माझा आवाज आधी गोमाई नदीच्या पलीकडे जायचा. आमचे हे एकदा जेवता जेवता म्हणाले, "आते तरी घरमा शांतता ऱ्हाई." त्यांचे ओठ मी बरोबर पाहिले, पुढचा अर्धा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे गावात इंजिनाची पिठाची चक्की आली आहे, तिथे उभं राहिलं तर कानाचे पडदे फाटतील असा धडधडाट असतो. बाकीच्या बाया एकमेकींच्या कानात ओरडतात, आणि मला मात्र तिथेच सगळं स्वच्छ ऐकू येतं. कोणाची सून काय म्हणाली, कोणाची म्हैस आटली, सगळं. पिठाचा डबा घेऊन बाहेर आले की पुन्हा जग मुकं.

पोरीने ओळखलं ते गाडीत. तिच्या नवऱ्याची नोकरी नवापूरला रेल्वेत, म्हणून मी तिच्याकडे गेले होते आणि आम्ही एका लग्नाला निघालो होतो. गाडी खडखडत होती आणि मी मजेत गप्पा मारत होते. तिने मध्येच माझा हात धरला. "माय, आठे तुले कसं काय ऐकू येस? घरमा तं आठ हाका माराले लागतस." मी म्हटलं, तू घरात पुटपुटतेस. तिने ऐकलं नाही. ती माझ्यासारखीच आहे, धरलं की सोडत नाही. पुढच्या आठवड्यात मला सुरतेला नेलं.

डॉक्टर गुजराती बोलत होता आणि पोरगी मला सांगत होती. त्याने लोखंडाचा एक दोन दातांचा चिमटा आपल्या गुडघ्यावर आपटून माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला. तो मला ऐकू आला. मग कानासमोर धरला, काही नाही. त्याने विचारलं, तुम्ही हळू बोलायला लागलात का? गोंगाटात बरं ऐकू येतं का? दर बाळंतपणानंतर थोडं कमी होत गेलं का? आणि मग विचारलं, हे बहुतेक घरातून येतं, तुमच्या आईला होतं का?

मी नाही म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. मग तिथेच बसल्या बसल्या तू मला दिसायला लागलीस. तुझा आवाज. पाटलीणबाई किती हळू बोलते, म्हणून सगळं गाव तुला मोठ्या घरची म्हणायचं. मागून हाक मारली तर तू वळत नसायचीस, म्हणून तेच गाव तुला गर्विष्ठ म्हणायचं. मी चुलीपाशी तुझ्या पाठीला काही सांगत असले की तू एकदम वळून माझी हनुवटी धरायचीस. "बोलनं व्हई तं समोर ये." मला वाटायचं, वळण लावते आहेस. आणि बैलगाडी. घरात तू माझ्याशी चार शब्द बोलत नव्हतीस, पण मामाकडे जाताना गाडीची चाकं खडखडायला लागली की तू हसायचीस, माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायचीस. मी समजायचे की तुला माहेर आवडतं, घर आवडत नाही. यातूनच मी पुढे काय काय रचलं, ते आता सांगते.

त्या उन्हाळ्यात दरोड्यांची भीती होती. पलीकडच्या गावात सगळे लग्नाला गेलेले असताना भर दुपारी दरोडेखोरांनी धाब्यांवरून, घरांच्या सपाट मातीच्या छतांवरून चालत येऊन दोन घरं साफ केली होती. गाव म्हणे, डोंगरातून येतात. डोंगरातून आम्हाला फक्त डिंक आणि मोहाची फुलं विकणारे आलेले माहीत होते, पण भ्यालेल्या माणसाला डोंगर दाखवणं सोपं जातं. आबा गावचे पाटील, म्हणून घरात टोपीची बंदूक होती. ते कामासाठी शहाद्याला निघाले की बार भरून ठेवायचे आणि तुला पुन्हा दाखवायचे, ही टोपी, हा घोडा. तू मान हलवायचीस. तू दार लावून घ्यायचीस, अडसर घालायचीस, आणि मला कुशीत घेऊन माझ्या छातीवर हात ठेवून पडायचीस. मला उकडायचं. मी हात काढला की तू परत ठेवायचीस. आता कळतं, तो हात म्हणजे तुझे कान होते. मी दचकले की तुला कळणार होतं, कोणीतरी आलं.

वैशाखातली दुपार. अर्धं गाव लग्नाला गेलेलं. आबा दोन दिवसांनी येणार होते ते एक दिवस आधीच आले. त्यांनी कवाड वाजवलं, हाका मारल्या, हे शेजारच्या आजारी म्हाताऱ्याने ऐकलं आणि नंतर सगळ्यांना सांगितलं. मी झोपले होते. कोणी उघडत नाही म्हटल्यावर ते म्हाताऱ्याच्या जिन्यावरून धाब्यावर चढले आणि आपल्या धाब्यातल्या उजेडाच्या भोकापाशी आले. तिथून खाली शिडी होती, वाळवणाला जायची. मी जागी झाले तेव्हा वरून माती झरत होती, आणि मग मला आबांचं खाकरणं ऐकू आलं. ते घरात येताना नेहमी खाकरायचे, तुम्ही बायकांनी पदर सावरून घ्यावा म्हणून. मी ताडकन उठून बसले. भीतीने नाही गं. ते शहाद्याहून माझ्यासाठी गोडी शेव आणणार होते.

तू उठलीस. बंदूक हातात घेतलीस. माझ्याकडे तुझी पाठ. वरून ऊन असं खाली पडतंय की शिडीवर नुसत्या काळ्या पोटऱ्या दिसतायत. मी म्हणते, "आबा उनात, माय." आबा आलेत, असं मोठ्याने म्हणते. आणि तू घोडा ओढतेस.

पुढचं लिहीत नाही. तू त्यांचं डोकं मांडीवर घेतलंस एवढंच. मग माझ्याकडे बघितलंस, माझं तोंड तसंच उघडं राहिलं होतं. तू मला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलंस. "तू काय म्हनं? आते तू काय म्हनं?" मी नऊ वर्षांची होते. मला वाटलं, तू मला दम देते आहेस. वाटलं, पुन्हा म्हणून तर बघ, असं विचारते आहेस. मी म्हणाले, "काही नही."

फौजदार आला तेव्हाही मी तेच म्हणाले. बरा माणूस होता, खाली बसून विचारलं, "पोरी, वडील काही बोलले का? तू काही ऐकलंस का?" मी म्हटलं, "मी झोपेल व्हतू." त्याने लिहून घेतलं, बाईने भीतीपोटी, चुकून. तुला सोडलं. गावाने सोडलं नाही. "कवाड वाजाडं, हाका मार्‍या, नि हिलेच ऐकाले उनं नही म्हने," असं बाया विहिरीवर मला ऐकू जाईल असं बोलायच्या. मुलगा नाही म्हणून आबांचं दुसरं लग्न लावायचं घरात चाललं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. गावाने त्यावरून हिशेब बसवला. आणि माय, गावाकडे फक्त म्हातारा होता. माझ्याकडे "आबा उनात" होतं. मी तुझ्यापासून चार हातांवर होते आणि मला वाटत होतं, तू ऐकलंस, आणि ऐकून घोडा ओढलास.

तू कान का लपवलेस, तेही आता दिसतं. दुसऱ्या बायकोचं बोलणं चालू असताना पहिली बहिरी आहे हे कळलं असतं तर तुला मागच्या पडवीत टाकलं असतं. आणि नंतर सांगितलं असतं तर फौजदाराला पटलं असतं, पण लोक म्हणाले असते की बहिरीच्या हातात बंदूक दिली कोणी. म्हणजे दोष आबांवर गेला असता. तू तो जाऊ दिला नाहीस, असं मी धरून चालते. कदाचित तसं नसेलही. कदाचित तुला नुसती लाज वाटत असेल. मलाही वाटते. डॉक्टरने सांगून झाल्यावरही मी आमच्या ह्यांना दोन दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माले वाटनं तू मन्हावर रागावेल शे." चार वर्षं! मग आम्ही दोघे हसलो. आता ते समोर येऊन बोलतात आणि उगाचच तोंड एवढं मोठं उघडतात की दाढा दिसतात.

आमच्या घरात मी बंदूक येऊ दिली नाही. दुपारी कडीही लावू देत नाही, यावरून लग्नापासून भांडण आहे. "उघडं घर ठेवस का कोनी?" असं हे म्हणतात. चोर आला तर भांडी नेईल, नेऊ दे. मी कधी कारण सांगितलं नाही. मला चोराची भीती नव्हती. भीती ही होती की मी तुझी लेक आहे, आणि जे तुझ्यात होतं ते माझ्यातही असेल. होतंच. पण ते कानात होतं, माय. नुसतं कानात. हे एकदा समजल्यावर मला कान गेल्याचं काही वाटेना. पोरीलाही येईल का म्हणून विचारलं, डॉक्टर म्हणाला, येईलच असं नाही. आलं तर ती लपवणार नाही, मी तिला बसवून सगळं सांगितलं आहे. आबांचंही सांगितलं. ती रडली. मी नाही रडले. मी त्या रात्री गाढ झोपले.

आता एकच राहिलं. आबांनंतर तू मामाकडेच राहिलीस, तिथे ब्राह्मणपुरीला तुझ्या शेवटच्या वर्षी मी आले होते, माझी पोरगी कडेवर होती. तू ओट्यावर ज्वारी पाखडत बसली होतीस, माझ्याकडे पाठ करून. मी विचारलं, "माय, त्या दिनले मी 'आबा उनात' म्हनं व्हतं, ते तुले ऐकाले उनं व्हतं का?" तू पाखडत राहिलीस. सूप थांबलंसुद्धा नाही. मी तेच उत्तर समजले, संध्याकाळच्या गाडीने परत गेले, आणि तू आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा कापूस वेचायचा आहे म्हणून कळवलं. वीस वर्षं मी सगळ्यांना, म्हणजे स्वतःलाच, सांगत आले की मी आईला विचारलं होतं आणि तिने नाकारलं नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, ट्रंकेत ठेवीन. पण लिहिलं आहे तर खरं लिहिते. त्या दिवशी ओट्याला वळसा घालून तुझ्या समोर यायला मला चार पावलं लागली असती. तुझ्या कानांचं मला माहीत नव्हतं, हे खरं. पण मी पाठीमागून विचारलं ते मुद्दाम, आणि हळू आवाजात.