शनिवारचं व्याख्यान बुडू नये म्हणून

ती. मावशीस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (हल्ली मिळेल तिथे आडवा होतो, त्यामुळे हा नमस्कार नुसता लिहिण्यापुरता नाही, खरोखरच साष्टांग आहे.) तुझा खोकला गेला असेल, काका बरे असतील, आणि वरच्या मजल्यावरच्या त्या बाईंशी तुझं पुन्हा बोलणं सुरू झालं असेल, अशी आशा करतो. झालं नसेल तरी हरकत नाही, त्या बाई मलाही कधी आवडल्या नाहीत.

इकडे आम्ही चौघं खुशाल आहोत. त्यातली दोघं जास्त खुशाल आहेत, कारण ती सात महिन्यांची आहेत. थोरलीला (थोरली म्हणजे धाकट्याच्या थोडीशीच आधी आलेली, पण रुबाब बघशील तर मुख्याध्यापिकेचा) आम्ही दिवसपाळी म्हणतो आणि धाकट्याला रात्रपाळी. एकाचा डोळा लागला की दुसरं कामावर रुजू होतं. परवा दुकानात मी एका गिऱ्हाइकाला समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली आणि जरा भिंतीला टेकलो. त्या भल्या माणसानं पाटी वरून खाली वाचली, थोडा वेळ वाट पाहिली, मग खालून वर वाचली, आणि शेवटी मालकांना जाऊन सांगितलं की तुमच्या चष्मेवाल्यालाच काही दिसत नाहीये. तुझी सूनही काही मागे नाही. ती ज्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते तिथे तिनं एका बंगल्याला सुरेख जिना काढला आणि वरचा मजला काढायचा राहिला. तिच्या साहेबांनी तो नकाशा अर्धा तास उलटासुलटा करून पाहिला म्हणतात.

तर मुद्दा शनिवारचा आहे. आमचा शनिवार धोक्यात आला आहे, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. पण ते समजायला सगळं मुळापासून सांगावं लागेल, तेव्हा तू चहाचं आधण ठेवून ये.

मुलांना लस टोचायला नेलं होतं तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी मुलांकडे कमी आणि आमच्याकडेच जास्त पाहिलं. म्हणाल्या, वाचनालयाच्या वर पालकांसाठी केंद्र आहे, दर शनिवारी दुपारी व्याख्यान असतं, पैसे पडत नाहीत, मुलांना सांभाळायला माणसं असतात, जाऊन बघा. मला राग आला. आम्हाला काय अक्कल नाही, की आता पोरं कशी वाढवायची ते व्याख्यानं ऐकून शिकायचं? हे मी त्यांना चांगलं ठणकावून सांगितलं. (माझा शर्ट उलटा आहे, हे घरी आल्यावर कळलं.) पुढच्या शनिवारी आम्ही गेलो.

केंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत सतरंजी, खेळणी, तीन हसतमुख आजीबाई आणि एक निवृत्त पोस्टमन, जो टपाल लावावं तशी पोरं भिंतीशी ओळीनं बसवतो आणि ती बसतातही. दुसरीत खुर्च्या आणि सर. सर बालसंगोपनाचे निवृत्त प्राध्यापक आहेत. आवाज असा, की कोणीतरी शेजारच्या घरात पंखा लावून ठेवला आहे. व्याख्यानाआधी ते स्वतः उठून एकेक पडदा ओढून घेतात. प्रोजेक्टरसाठी, असं म्हणतात. प्रोजेक्टर तिथे नाही. विषय होता, लहान मुलांना कसं झोपवावं. मी वही उघडली, सरांची दोन वाक्यं ऐकली, आणि त्यानंतर एकदम खुर्ची फरशीवर खरखर ओढल्याचा आवाज ऐकला. दीड तास झाला होता. शरमेनं इकडेतिकडे बघतो तर सगळी खोली डोळे चोळत होती. तुझ्या सुनेच्या गालावर शेजारच्या बाईंच्या विणलेल्या स्वेटरची नक्षी उमटली होती. सरांनी शांतपणे विचारलं, कोणाला काही शंका? कोणालाच नव्हती. टाळ्या मात्र खूप वाजल्या.

मावशी, त्या संध्याकाळी बाबागाडी ढकलत घरी जाताना तुझी सून हसली. कशाला ते आठवत नाही, पण ते हसू मी कित्येक आठवड्यांत ऐकलं नव्हतं. आम्ही दूध, लंगोट आणि पोटदुखी सोडून दुसऱ्याच कुठल्यातरी विषयावर घरापर्यंत बोलत आलो. घरी येऊन भांडलोही, पण तेसुद्धा ताज्या डोक्यानं. फार बरं वाटलं.

तेव्हापासून शनिवार चुकवला नाही. गर्दी वाढतच गेली, भिंतीशी जादा खुर्च्या लागल्या. न लिहिलेले काही नियमही झाले. कोणी सरांना अडवून प्रश्न विचारायचा नाही. पावाच्या भट्टीवर काम करणारा एक तीन लेकरांचा बाप आहे, तो घोरतो, म्हणून त्यानं मागच्या कोपऱ्यात बसायचं. आणि बाहेर कोणी विचारलं तर व्याख्यान फार उद्बोधक असतं म्हणून सांगायचं.

नेमकी हीच कीर्ती नडली. एवढी माणसं कशाला येतात, हे बघायला वरच्या कार्यालयातून साहेब येणार असं कळलं. त्यांच्या मनात भरलं नाही तर केंद्राचे शनिवार बंद. केंद्र चालवणाऱ्या बाईंनी हात जोडून सांगितलं की कृपा करून एवढा एक दिवस जागे राहा. आम्ही कंबर कसली. काळी कॉफी थर्मासातून आली, पुढच्या रांगेला कडक पाठीच्या खुर्च्या दिल्या, आणि चिमटे काढायचं काम भट्टीवाल्याकडे सोपवलं. (त्यानं ते जरा जास्तच मनावर घेतलं. माझ्या दंडावर अजून खूण आहे.)

तर त्या दिवशी आम्ही सरांचं व्याख्यान पहिल्यांदा ऐकलं. पहिली दोन वाक्यं सगळ्यांना पाठ होती, पुढचं सगळं नवीन. दोन पानं झाली. मग सरांनी पानं नीट जुळवली, पहिलं पान वर घेतलं आणि तीच दोन वाक्यं पुन्हा सुरू केली. मला वाटलं चुकले असतील. तिसऱ्या फेरीला भट्टीवाल्यानं माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे पाहिलं. मावशी, व्याख्यान दोनच पानांचं आहे. इतके महिने सर तेवढंच वाचताहेत, साहेबांसमोरही तेच वाचत होते, मान वर न करता. त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं. मला त्या क्षणी उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण उठवेना, कारण तोवर साहेब माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपले होते.

आपण जिंकलो असं वाटलं, पण झालं उलटंच. साहेब इतके खूश झाले की त्यांनी सरांना सगळ्या केंद्रांवर पाळीपाळीनं पाठवायचं ठरवलं. आमच्याकडे ते आता पुन्हा कधी येतील कोण जाणे. बाई म्हणतात, महिनाअखेरपर्यंत वक्ता मिळाला नाही तर खोली बुद्धिबळवाल्यांना द्यावी लागेल. प्रयत्न चालू आहेत. एक दंतवैद्य आणला, त्यानं किडलेल्या दातांचे मोठे मोठे फोटो दाखवले, कोणाची पापणी लवली नाही. एक वकील आणला, तो इतका विनोदी निघाला की लोक पोट धरून हसले आणि घरी जाताना रडकुंडीला आले. आमच्यासारख्यांचा कोणी विचारच करत नाही.

बाकी सर्व क्षेम. आम्ही मजेत आहोत, काळजी नसावी.

तुझा अर्धवट जागा,
भाचा

ता. क. काका सध्या शनिवारी काय करतात? पाणीपुरवठ्यातली त्यांची सगळी नोकरी, गळक्या नळांचे प्रकार, जुन्या आणि नव्या वॉशरमधला फरक, हे ज्ञान असं वाया जाऊ नये. आमच्या लग्नात ते चार शब्द बोलले, त्या वेळच्या फोटोत एकूणएक पाहुण्यांचे डोळे मिटलेले आहेत. फोटोवाल्याला वाटलं प्रार्थना चालू आहे. त्यांना पाठव. विषय कोणताही चालेल, फक्त विनोद नकोत. त्यांना मात्र यातलं काही सांगू नकोस, तरुण पिढीला मार्गदर्शन हवंय एवढंच सांग.

ता. क. २. काकांना एकट्यानं प्रवास जमत नाही, चष्मा कुठे ठेवला ते तुझ्याशिवाय कोणाला सापडत नाही. म्हणजे तुलाही यावं लागेल. पण मुद्दाम त्रास घेऊ नकोस, आमचं काही अडलेलं नाही. अगदीच जमलं तर, म्हणजे तू जर

ता. क. ३. ती. मावशींना नमस्कार. हे अक्षर माझं, तुमच्या सुनेचं. वर जी शाईची रेघ खाली गेली आहे ती यांची. यांना टेबलावरच झोप लागली. पत्र वाचलं. बाकी सगळं खरं आहे, पण साहेब यांच्या खांद्यावर झोपले नव्हते. हेच साहेबांच्या खांद्यावर झोपले होते, आणि घोरत होते. साहेबांनी शेवटपर्यंत हात हलवला नाही. भट्टीवाले चिमटा काढायला आले तर त्यांनाही खुणेनं थांबवलं. निघताना हळूच मला म्हणाले, असे लोक सगळ्याच केंद्रांवर असतील ना?

काकांना अवश्य आणा. पण वक्ता शनिवारपुरताच पुरतो. फोनवर तुम्ही दर वेळी विचारता, मी येऊ का, आणि हे म्हणतात, कशाला, मस्त चाललंय. मग फोन ठेवल्यावर तिथेच उभे राहतात. म्हणून मी विचारते. तुम्ही या, आणि राहायलाच या. आतल्या खोलीत यांनी पलंग मांडून महिना झाला. कोणासाठी, ते सांगत नाहीत. उशी मात्र तुम्हाला लागते तशी, कडक, शोधून आणून ठेवली आहे.